जिल्हा दैनिकाने छपाई बंद करून ‘डिजिटल’ व्हावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आजोबांनी सुरू केलेलं जिल्हा दैनिक आता तिसऱ्या पिढीकडे आलंय. खप निम्म्यावर आला, कागदाचं बिल वाढलं, पहाटे अंक टाकायला मुलं मिळत नाहीत. वेबसाइट आहे, फेसबुक पेजला फॉलोअर चांगले आहेत, पण त्यातून हातात काही पडत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, छपाई बंद करू, ॲप काढू, यूट्यूबसाठी स्टुडिओ उभारू. वडील म्हणतात, अंक बंद झाला की नाव संपलं. आणि तुम्ही विचारताय, दोघांपैकी कुणाचं ऐकू?

मी उमेदीची वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर काढली. आधी पानं लावली, मग डिजिटल विभाग सांभाळला, आणि आता घरच्या मालकीच्या छोट्या वृत्तपत्रांना याच बदलात मदत करतो. त्या कामातून जे कळलं त्यावर हे उत्तर आहे.

तुमच्या घरात दोन मतं आहेत असं वरवर दिसतं. मला मात्र दोघांचं गृहीतक एकच वाटतं. आज जो माणूस सकाळी अंक हातात घेतो तोच उद्या मोबाइलवर येणार, त्याला कधी आणि कसं न्यायचं एवढंच ठरवायचंय, असं दोघेही धरून चालले आहेत. प्रत्यक्षात छापील अंकाचा वाचक आणि मोबाइलवरचा वाचक ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं निघतात. त्यांची गरज वेगळी, पैसे देण्याचं कारण वेगळं, पुष्कळदा राहण्याचं गावही वेगळं. म्हणून आधी शोधायचं ते हे, की तुमच्याकडे जे आहे त्यासाठी कोण पैसे देईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. छापखाना स्वतःचा आहे की बाहेरून छापून घेता? स्वतःचा असेल तर इतर साप्ताहिकांचं काम मिळतं का? उत्पन्नात सरकारी आणि कायदेशीर जाहिरातींचा वाटा किती? तालुका वार्ताहर किती, आणि त्यातले खरोखर बातमी आणणारे किती? जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला गेलेली माणसं किती? या उत्तरांप्रमाणे माझा सल्ला थोडा इकडे-तिकडे होईल. दिशा बदलेल असं मात्र वाटत नाही.

आधी वडिलांची बाजू घेतो, कारण त्यांच्या म्हणण्यात भावनेपलीकडेही बरंच काही आहे. गेल्या वर्षभराची जाहिरातींची बिलं काढा आणि त्यांचे ढीग लावा: दुकानदारांच्या जाहिराती, वाढदिवस आणि वर्धापनदिनाच्या पुरवण्या, शासकीय जाहिराती, आणि नोटिसा. जिल्हा दैनिकात शेवटचे दोन ढीग मालकाला वाटतात त्याहून मोठे निघतात. हे पैसे तुम्हाला छापील अंक आहे म्हणूनच मिळतात. कर्ज थकल्यावर बँकेने मालमत्तेचा ताबा घेतला, तर सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखालच्या २००२ च्या नियमांनुसार ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं लागतं. प्रतिवादीला समन्स नेहमीच्या मार्गाने बजावता येत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० खाली न्यायालय ते वृत्तपत्रातून प्रसिद्ध करायला सांगू शकतं, आणि ते प्रतिवादीच्या भागात खपणारं दैनिक असावं लागतं. जमीन खरेदीआधी वकील देतात त्या जाहीर नोटिसाही याच वाटेने येतात. उद्या छपाई बंद केलीत तर यातला रुपयाही वेबसाइटकडे वळणार नाही. तो शेजारच्या दैनिकाकडे जाईल.

वाचनाच्या बाजूनेही हेच दिसतं. ब्रिटनच्या ‘इंडिपेंडंट’ या दैनिकाने मार्च २०१६ मध्ये छपाई थांबवली आणि फक्त ऑनलाइन राहिलं. खर्च उतरला, ऑनलाइन वाचकसंख्याही टिकली. पण नील थर्मन आणि रिचर्ड फ्लेचर या अभ्यासकांनी ब्रिटिश वाचक त्या वृत्तपत्रावर एकूण किती वेळ घालवतात ते मोजलं, तेव्हा छपाई थांबल्यानंतरच्या वर्षात तो वेळ ८१ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. छापील अंक घेणारा माणूस रोज अर्ध्या-पाऊण तासाच्या आसपास तो वाचत होता. वेबसाइटवर येणारा महिन्याभरात मोजकी मिनिटं थांबत होता. छापील वाचक मोबाइलवर गेलेच नाहीत. ते दुसरीकडे गेले किंवा सुटले.

उलट उदाहरणही आहे. कॅनडातल्या माँट्रियालच्या ‘ला प्रेस’ या दैनिकाने २०१३ मध्ये टॅब्लेटसाठी वेगळी आवृत्ती काढली, २०१६ च्या सुरुवातीपासून सोमवार ते शुक्रवारचा छापील अंक थांबवला आणि २०१७ अखेरीस शनिवारचाही. २०१८ मध्ये वृत्तपत्र विश्वस्त संस्थेकडे गेलं आणि वाचकांच्या देणग्यांचा आधार मिळाला. ते टिकलं. पण त्या बदलामागे मोठ्या उद्योगसमूहाचा पैसा होता आणि वर्षानुवर्षांची तयारी होती. भावाला हे उदाहरण माहीत असेल तर त्याला सांगा, की त्यात छपाई थांबवणं ही शेवटची पायरी होती.

आता भावाची बाजू. अंकाचा खर्च आज आहे तसा चालू ठेवता येणार नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. कागदाच्या बाबतीत आपण आयातीवर फार अवलंबून आहोत. २०१९ च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्राच्या कागदावर १० टक्के सीमाशुल्क लागलं, २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं, आणि २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धाने पुरवठाच अडचणीत आला. तुमच्यासारख्या छोट्या खरेदीदाराला यातलं काहीही ठरवता येत नाही. जे ठरवता येतं ते असं: परतीचे (न विकता परत येणारे) अंक किती, लांबच्या टॅक्सीलाइनवर, म्हणजे दूरच्या गावांना अंक पोचवणाऱ्या गाडीच्या मार्गावर, अंकामागे किती खर्च पडतो, रंगीत पानं किती. एका रंगीत पानाला छपाईच्या चार प्लेटा लागतात, काळ्या-पांढऱ्याला एक. बऱ्याच मालकांना खप कमी दिसण्याची भीती वाटते, म्हणून रद्दीत जाणारे अंकही छापले जातात. विकला जाणारा अंकच छापा. वीस-पंचवीस अंकांसाठी रोज धावणारी लाइन बंद करा आणि त्या वाचकांना टपालाने किंवा ई-पेपरने अंक द्या. खप मुद्दाम आटोक्यात आणलेलं दैनिक बरीच वर्षं तग धरतं. सरकारी जाहिराती मिळणाऱ्या शासनमान्य यादीतल्या तुमच्या श्रेणीवर त्याचा परिणाम होईल का, हे मात्र आधी तपासा. श्रेणी उतरली तर दरही उतरतात.

फेसबुकच्या फॉलोअरबद्दल भावाशी स्पष्ट बोलायला हवं. ते तुमचे वाचक आहेत असं धरून कुठलाही हिशेब मांडू नका. २०१५ मध्ये फेसबुकने बातम्या फेसबुकच्या आतच उघडणारं इन्स्टंट आर्टिकल्स आणलं, वृत्तपत्रांनी त्यासाठी माणसं लावली, आणि एप्रिल २०२३ मध्ये ते बंद झालं. मधल्या काळात व्हिडिओची लाट आली. लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ पाहतात याचा आकडा आपण फुगवून दाखवत होतो, असं खुद्द फेसबुकने २०१६ मध्ये मान्य केलं. तोवर कित्येक ठिकाणी लिहिणाऱ्यांना कमी करून व्हिडिओचे विभाग उघडले गेले होते. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मित्र-नातलगांच्या पोस्ट वर आणल्या आणि बातम्या खाली ढकलल्या. कॅनडाने बातम्यांचा मोबदला मागणारा कायदा केला, तेव्हा ऑगस्ट २०२३ पासून तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दिसायच्याच बंद झाल्या. गूगलवर आता कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेलं उत्तर वर येतं, आणि वाचकाला मूळ पानावर जायचं कारण उरत नाही. हे निर्णय दुसऱ्या देशातल्या कंपन्या स्वतःच्या सोयीने घेतात. तुमच्या जिल्ह्याचा त्यांच्याशी काही संबंध नसतो, भुर्दंड मात्र तुम्हाला पडतो.

ऑनलाइन जाहिरातीचा हिशेबही कागदावर मांडून पाहा. समजा, हजार वेळा पान उघडल्यावर ४० रुपये मिळाले. दर मी उदाहरणापुरता घेतलाय, तुमचा खरा दर तुमच्या खात्यात दिसेल. रोज लाखभर पानं उघडली तरी दिवसाला ४ हजार रुपये होतात. जिल्ह्यापुरत्या बातम्यांवर रोज लाखभर पानं उघडत नाहीत. मग राशिभविष्य, नटनट्यांची लग्नं, ‘अमुक गोष्ट पाहून तुम्हीही थक्क व्हाल’ असले मथळे सुरू होतात. त्या बाजारात तुमची गाठ मुंबई-पुण्याच्या मोठ्या समूहांशी पडते. त्यांच्याकडे याच कामाला वाहिलेली टीम असते. तिथे तुम्ही हराल, आणि हरण्याआधी तुमचा वाचक तुमच्यावरचा विश्वास गमावून बसेल. मला यातलं सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. दोन पिढ्यांनी कमावलेलं नाव अशा मथळ्यांखाली घालवू नका.

मग पैसे देणारा डिजिटल वाचक कोण? तो बहुधा जिल्ह्याबाहेर राहतो. चाकणच्या कारखान्यात काम करणारा, डोंबिवलीत बिऱ्हाड केलेला, दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेला. गावी आई-वडील आहेत, वाटणीतली जमीन आहे, यात्रेला यायचंय. मुंबईच्या दैनिकात त्याच्या गावाचं नाव वर्षातून एकदा येतं, तेही अपघात झाला तर. गावात कोण गेलं, यात्रेची तारीख काय ठरली, धरण किती भरलं, रस्ता खचलाय का, सोसायटीच्या निवडणुकीत कोण उभं आहे, हे सगळं तुमच्या अंकात येतं. तुमची टॅक्सी मात्र त्याच्यापर्यंत कधीच पोचली नाही. हा माणूस तुमच्या छापील अंकाचा वाचक कधीच नव्हता, त्यामुळे त्याला डिजिटल अंक विकल्याने छापील अंकाचं काहीच बिघडत नाही. त्याच्या हातात पगार आहे, मोबाइलवरून पैसे द्यायची सवय आहे, आणि त्याला दुसरा पर्याय नाही.

दुसरा पैसे देणारा वाचक जिल्ह्यातलाच, पण त्याला बातमीपेक्षा रोजच्या उपयोगाची माहिती लागते. सिंचनावर चालणाऱ्या भागातल्या एका दैनिकाबरोबर काम करताना आम्ही वेबसाइटवर लोक काय शोधत येतात ते पाहिलं. राजकीय नेत्यांची वक्तव्यं आम्ही पहिल्या पानावर लावत होतो. लोक मात्र आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाळीने सुटणाऱ्या पाण्याची, बातमी शोधत होते. तालुका वार्ताहराची बातमी यायची ती अशी: ‘कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटले, शेतकऱ्यांमध्ये समाधान’. खाली आमदारांचं नाव, अधिकाऱ्यांची उपस्थिती, नारळ फोडल्याचा फोटो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला यातून काहीच कळत नव्हतं. त्याला हवं होतं, की कोणत्या चारीला (कालव्याच्या छोट्या फाट्याला) पाणी कधी येणार, किती दिवस राहणार, मागणी अर्ज कुठे द्यायचा आणि शेवटची तारीख कोणती. हे सगळं पाटबंधारे शाखेत लेखी उपलब्ध होतं. वार्ताहराला ते आणायला सांगितलं, चारीवार तक्ता केला, पाणी पुढे सरकेल तसा रोज बदलत ठेवला. लोक तो तक्ता दिवसातून दोनदा पाहायला लागले, एकमेकांना पाठवायला लागले, आणि चुकला तर फोन करून सांगायला लागले. तेच पुढे बाजार समितीच्या कांद्याच्या भावाचं झालं. नुसता कमाल-किमान भाव सगळीकडे मिळतो. आवक किती, कोणत्या प्रतीला किती, दुपारनंतर लिलाव थांबला का, हे बाजारात उभा असलेला माणूसच सांगू शकतो.

आता वेबसाइट सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगतो. याबद्दल कुणी बोलत नाही आणि पैसा मात्र इथेच वाया जातो. तुमच्याकडे पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन आहे की अजून जुनं क्वार्क, आणि मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये टाइप होतो, हे पाहा. आपल्या बहुतेक दैनिकांनी वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींमधले युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर सारखी चालणारी युनिकोड ही अक्षरपद्धत येण्याआधीचे, फॉन्ट वापरले. त्यात मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. छापलं की उत्तम दिसतं. तोच मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून रात्री एक ऑपरेटर कन्व्हर्टरमधून बातम्या फिरवतो, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करतो आणि पहाटे साइटवर चढवतो. म्हणजे दुपारची बातमी वेबसाइटवर दुसऱ्या दिवशी येते. ‘आमची वेबसाइट चालत नाही’ या तक्रारीचं मूळ कित्येकदा एवढंच असतं.

युनिकोडवर आल्यावरही बारकावे राहतात. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या, तुमच्या अंकात रोज दहा वेळा येणारा. त्यातला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही शब्द एकसारखे दिसतात, संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्याच साइटच्या शोधखिडकीत एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीच्या बातम्या सापडत नाहीत. साइट बनवणाऱ्याला सांगून मजकूर साठवतानाच एक पद्धत पक्की करून घ्या. काम छोटं आहे, फायदा कायमचा आहे.

आणि जुने अंक! आजोबांच्या काळापासूनच्या फायली तुमच्याकडे असतील, तर एवढं मोल तुमच्याकडच्या दुसऱ्या कशालाही नाही. आधी कागद वाचवा. चांगल्या प्रतीचं स्कॅनिंग करा, तारीख आणि पान क्रमांकानुसार नावं द्या, आणि दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. मजकूर शोधता येणं ही पुढची पायरी. मराठी छापील अक्षरं ओळखणारी साधनं आता बरीच बरी झाली आहेत. दाट स्तंभांच्या जुन्या पानांवर ती अडखळतात, तिथे माणसाचा हात लागेलच. धरणाच्या भूमिपूजनाची, पुराची, जुन्या निवडणुकीची, एखाद्या शाळेच्या स्थापनेची बातमी जगात फक्त तुमच्याच कपाटात असू शकते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: छपाई चालू ठेवा पण आटोपशीर करा, पानं उघडण्याच्या शर्यतीत उतरू नका, जिल्ह्याबाहेरच्या माणसाला आणि माहितीच्या गरजूला समोर ठेवा, आणि बातमी जिथे जन्मते तिथूनच युनिकोडमध्ये येऊ द्या.

पुढची गोष्ट वाचक ओळखण्याची. तुमचा अंक घेणाऱ्या घरांची यादी तुमच्याकडे आहे का? बहुतेक दैनिकांकडे ती नसते. एजंटकडे असते, विक्रेत्याकडे असते. डिजिटलमध्येही हेच व्हायला नको. वाचकाचं नाव, तालुका, गाव आणि मोबाइल क्रमांक त्याच्या संमतीने तुमच्याकडे नोंदलेला हवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती कशासाठी घेतली ते स्पष्ट सांगावं लागतं, म्हणून फॉर्मवर साध्या मराठीत लिहा. व्हॉट्सॲप वापराच, आपला वाचक तिथेच आहे. पण त्यातल्या सोयींमधला फरक समजून घ्या. चॅनेलवर कितीही लोक आले तरी त्यांचे क्रमांक तुम्हाला दिसत नाहीत. ग्रुपला १,०२४ जणांची मर्यादा आहे, आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे क्रमांक दिसतात, म्हणून अनोळखी वाचकांसाठी मी ग्रुप टाळतो. ब्रॉडकास्टचा संदेश ज्याने तुमचा क्रमांक सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. त्यामुळे चॅनेलवर मथळे द्या, आणि पूर्ण तक्ता किंवा पूर्ण बातमी हवी असेल तर आपल्या साइटवर नोंदणी करायला सांगा. यादी हळू वाढेल. पण ती तुमची असेल, आणि फेसबुकने काहीही ठरवलं तरी राहील.

पैसे कसे मागायचे? ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये ठरावीक बातम्या फुकट आणि पुढे शुल्क अशी पद्धत सुरू केली, आणि २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत त्यांचं डिजिटल उत्पन्न पहिल्यांदाच छापील अंकाच्या पुढे गेलं. तिथेही छपाई आजतागायत चालू आहे. त्या मापाचा संपादकीय विभाग आपल्याकडे नाही, म्हणून त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. आपल्या वाचकाला वार्षिक वर्गणी कळते. साप्ताहिकं आणि मासिकं पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच चालली. महिन्याला थोडे पैसे आपोआप कापून घेण्यापेक्षा वर्षाची एकच रक्कम, यूपीआयने, पावतीसह, आणि संपायच्या आधी माणसाचा फोन. हे आपल्या भागात मला जास्त चाललेलं दिसतं. परगावच्या मुलाने गावच्या आई-वडिलांसाठी छापील अंक आणि स्वतःसाठी ई-पेपर अशी जोडवर्गणी काढून पाहा. आणि काही गोष्टींना कधीच कुलूप लावू नका: पुराचा इशारा, साथीची माहिती, निधनवार्ता.

तालुका वार्ताहरांबद्दल थोडं लांब लिहितो, कारण सगळं तिथेच अडतं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी वार्ताहराला मानधन नाममात्र असतं आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर असते. ज्या नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची त्याच्याच कामाची बातमी करायची, ही अडचण तुम्हाला वेगळी सांगायला नको. छापील अंकात वाचक हे सोसून घेत आला, कारण दुसरं काही नव्हतं. स्वतःच्या खिशातून वर्षाची वर्गणी देणारा वाचक हे सोसणार नाही. सगळे तालुके एकदम बदलता येणार नाहीत. एक तालुका निवडा, तिथे जाहिरात आणणारा माणूस वेगळा करा आणि बातमी आणणाऱ्याला जगता येईल असं मानधन द्या. लांबची टॅक्सीलाइन आणि परतीचे अंक कमी करून वाचलेला पैसा आधी इथे घाला. स्टुडिओला सगळ्यात शेवटी.

स्टुडिओचा विषय निघालाच आहे तर यूट्यूब. भावाचा उत्साह मोडू नका, त्याला वळण द्या. काचेचं टेबल, मागे चमकणारे पडदे आणि समोर बातम्या वाचणारी व्यक्ती, हे वाहिन्या तुमच्यापेक्षा चांगलं करतात. चांगला मोबाइल, कॉलर माइक आणि एक ट्रायपॉड घेऊन तो बाजार समितीत, पुराच्या काठावर, ग्रामसभेत उभा राहिला तर ते दुसऱ्या कुणाकडे नसेल. जाहिरातीच्या वाट्यासाठी यूट्यूबला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं. तिथे पोचणं अवघड नाही, पण त्या पैशावर पगार होतील असं धरू नका. व्हिडिओने नाव पोचतं, नोंदणी वाढते, हाच त्याचा उपयोग. ॲप आत्ता नको. ते बनवण्यापेक्षा सांभाळणं महाग असतं, आणि फोनमध्ये जागा कमी पडली की लोक आधी तेच काढतात. मोबाइलवर झटकन उघडणारी हलकी वेबसाइट पुरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण भाऊ विचारेल. वार्ताहराने बोलून पाठवलेली बातमी टाइप करून घेणं, सभेचं ध्वनिमुद्रण उतरवणं, जुन्या फायलींची सूची करणं, यासाठी जरूर वापरा. वेळ वाचतो. मात्र यंत्राने लिहिलेली बातमी माणसाने घटनास्थळाशी ताडून पाहिल्याशिवाय जाता कामा नये, कारण खाली तुमच्या घराचं नाव आहे. कायद्याच्या बाजूने एवढं पाहा: माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांत डिजिटल बातम्या देणाऱ्या प्रकाशकांनी माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवण्याची तरतूद आहे. ती कागदपत्रं पूर्ण करून ठेवा.

सुरुवात कुठून करायची, तर या आठवड्यात वडील आणि भाऊ यांना एका टेबलाशी बसवा आणि तीन आकडे काढा: नोटिसा आणि शासकीय जाहिरातींचं वर्षाचं उत्पन्न, परतीच्या अंकांचा महिन्याचा खर्च, आणि वेबसाइटवर जिल्ह्याबाहेरून येणाऱ्या वाचकांचं प्रमाण. तिसरा आकडा गूगल ॲनालिटिक्स या वाचकसंख्या मोजणाऱ्या साधनात शहरवार दिसतो. मोबाइल नेटवर्कमुळे शहर कधी कधी चुकीचं दाखवलं जातं, तेवढी सूट धरा. हे तीन आकडे आणि छापखान्याबद्दलचं उत्तर कळवलंत, तर कोणता तालुका आधी घ्यायचा आणि वर्गणी किती ठेवायची, यावर मी नेमकं सांगू शकेन.